जुना लॅपटॉप विकण्यापूर्वी त्यातली माहिती खरोखर कशी पुसावी?

मुळाक्षर

जुना लॅपटॉप विकायला काढताना बहुतेक जण फोटो आणि कागदपत्रे दुसरीकडे उतरवून घेतात, सगळे फोल्डर डिलीट करतात, रिसायकल बिन रिकामा करतात आणि फार तर एकदा फॉरमॅट मारून यंत्र गिऱ्हाइकाच्या हाती देतात. एवढ्याने माहिती जात नाही हे आता बहुतेकांच्या कानावर आलेले असते. पण मग नेमके काय करावे, याबद्दलचे सल्ले एकमेकांशी जुळत नाहीत. त्यांतले बरेचसे सल्ले जुन्या पद्धतीच्या हार्डडिस्कसाठी दिलेले असतात आणि आजच्या लॅपटॉपमधल्या एसएसडीला, म्हणजे फिरत्या तबकडीऐवजी चिपवर माहिती साठवणाऱ्या डिस्कला, ते लागू पडत नाहीत. म्हणून हा धागा काढत आहे. चुकीचे काही लिहिले असेल तर जाणकारांनी दुरुस्त करावे.

फाईल डिलीट केली की संगणक फक्त नोंदवहीतली तिची नोंद काढून टाकतो आणि ती जागा मोकळी झाली असे समजतो. सातबाऱ्यावरचे नाव खोडले म्हणून शेतातले पीक नाहीसे होत नाही, तसेच हे आहे. त्या जागेवर दुसरे काही लिहिले जाईपर्यंत जुना मजकूर तेथेच पडून असतो आणि फोटोरेक किंवा रिकुव्हा यांसारखी फुकट मिळणारी साधने तो बाहेर काढू शकतात. क्विक फॉरमॅटने हार्डडिस्कवर याहून वेगळे काही घडत नाही. पूर्ण फॉरमॅटची गोष्ट निराळी आहे, कारण विंडोज व्हिस्टापासून पुढे पूर्ण फॉरमॅट केल्यावर त्या विभागावर सगळीकडे शून्ये लिहिली जातात. एक्सपीपर्यंत तसे होत नव्हते, त्यामुळे 'फॉरमॅट केले तरी सगळे परत मिळते' हे वाक्य त्या काळापुरते खरे होते.

ही भीती पोकळ नाही. एमआयटीमधील सिम्सन गारफिंकल आणि अभी शेलात यांनी बाजारातून १५८ जुन्या हार्डडिस्क विकत घेऊन तपासल्या आणि २००३ साली त्याचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. त्यांतल्या १२९ डिस्क चालू होत्या आणि नीट पुसलेल्या फक्त १२ निघाल्या. उरलेल्यांत पाच हजारांहून अधिक क्रेडिट कार्ड क्रमांक, पत्रव्यवहार आणि वैद्यकीय माहिती सापडली. आपल्याकडच्या घरगुती लॅपटॉपमध्ये काय असते याचा विचार केला तर चित्र याहून बरे नाही. डाउनलोड फोल्डरमध्ये घरातल्या प्रत्येकाचे ई-आधार, पॅनकार्डाचे स्कॅन, फॉर्म १६, बँकेची विवरणे आणि घराचा करारनामा असतो. ई-आधारच्या पीडीएफला पासवर्ड असतो म्हणून निर्धास्त राहण्यात अर्थ नाही. तो पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरे आणि जन्मवर्ष, आणि या दोन्ही गोष्टी शेजारच्याच फोल्डरमधल्या पॅनकार्डावर छापलेल्या असतात. प्राप्तिकर खात्याच्या वार्षिक माहिती विवरणाचा पासवर्डही पॅन आणि जन्मतारीख जोडूनच तयार होतो.

तेव्हा सर्वांत आधी लॅपटॉपमध्ये कोणती डिस्क आहे ते पाहावे. विंडोजच्या शोधपट्टीत 'डीफ्रॅगमेंट' असे लिहिले की जी खिडकी उघडते, तिच्यात प्रत्येक विभागापुढे डिस्कचा प्रकार दिलेला असतो. अनेक लॅपटॉपमध्ये विंडोजसाठी लहान एसएसडी आणि साठवणीसाठी एक टीबीची हार्डडिस्क अशा दोन्ही असतात. सी ड्राइव्ह पुसून डी ड्राइव्ह तसाच गिऱ्हाइकाला देणे हा प्रकार फार सर्रास घडतो.

हार्डडिस्क असेल तर काम सोपे आहे, मात्र वेळखाऊ आहे. संपूर्ण डिस्कवर एकदा शून्ये लिहिली की पुरे. सेकंदाला सुमारे १०० एमबी असा वेग धरला तर एक टीबीच्या डिस्कला पावणेतीन ते तीन तास लागतात. श्रेडओएस नावाची लहानशी प्रणाली पेनड्राइव्हवर घेऊन त्यावरून लॅपटॉप सुरू केला की हे करता येते. विंडोजच्या इन्स्टॉलेशनच्या पेनड्राइव्हवरून सुरू करून डिस्कपार्ट या विंडोजच्या डिस्क हाताळणाऱ्या साधनातली 'क्लीन ऑल' ही आज्ञा दिली तरी तेच होते. नुसती 'क्लीन' ही आज्ञा विभागांचा तक्ता तेवढा काढते, त्यामुळे 'ऑल' विसरू नये. आज्ञा देण्यापूर्वी आपला बॅकअप ज्या बाह्य डिस्कवर आहे ती यंत्राला जोडलेली नाही याचीही खात्री करावी.

एसएसडीला हा उपाय पुरत नाही. तिच्यातला नियंत्रक पेशींची झीज सर्वत्र सारखी व्हावी म्हणून मजकूर सतत इकडून तिकडे हलवत असतो आणि काही जागा संगणकाला न दाखवता स्वतःकडे राखून ठेवतो. आपण 'त्याच जागी' शून्ये लिहिली असे संगणकाला वाटते, पण प्रत्यक्षात ती दुसऱ्याच पेशींत गेलेली असतात. तेथे डिस्कला तिची स्वतःची पुसण्याची आज्ञा द्यावी लागते. साटा जोडणीच्या एसएसडीला 'सिक्युअर इरेज' आणि एनव्हीएमई प्रकारच्या एसएसडीला 'फॉरमॅट' किंवा 'सॅनिटाइझ' अशी या आज्ञांची नावे आहेत. काही उत्पादकांच्या स्वतःच्या सॉफ्टवेअरमध्ये आणि डेल, एचपी, लेनोव्हो यांच्या कार्यालयीन श्रेणीतील बऱ्याच लॅपटॉपच्या बायोसमध्ये (विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या यंत्राच्या मूळ सेटिंग्जमध्ये) ही सोय दिलेली असते.

माझे स्वतःचे मत असे आहे की विकायच्या दिवशी पुसण्याची धडपड करण्यापेक्षा यंत्र घेतल्या दिवसापासून त्याची डिस्क एन्क्रिप्ट केलेली असणे, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येणार नाही अशा सांकेतिक रूपात मजकूर साठवलेला असणे, हा खरा उपाय आहे. मग पुसायची असते ती फक्त किल्ली.

अबोली

अतिशय उपयुक्त धागा आहे. माझी अडचण साधी आहे. माझ्याकडे विंडोज ११ होम आहे, पेनड्राइव्हवरून यंत्र सुरू करणे वगैरे मला जमणार नाही आणि लॅपटॉप पुढच्या आठवड्यात भाच्याच्या मित्राला द्यायचा आहे. सेटिंग्जमधल्या 'रीसेट धिस पीसी' या सोयीने भागेल का?

मुळाक्षर

अबोलीताई, भागेल, पण त्यातले दोन पर्याय सहज नजरेतून निसटतात, ते पाहावेत. 'रिमूव्ह एव्हरीथिंग' निवडल्यावर पुढे 'चेंज सेटिंग्ज' असे बारीक अक्षरांत दिसते. तेथे 'क्लीन डेटा' चालू करावे आणि यंत्रात दोन डिस्क असतील तर फक्त विंडोजचा नव्हे, सर्व ड्राइव्ह पुसण्याचा पर्याय निवडावा. हे न करता नुसते रीसेट केले तर हार्डडिस्कवरचा जुना मजकूर परत मिळू शकतो. 'क्लीन डेटा'ला हार्डडिस्कवर काही तास लागतात, म्हणून चार्जर जोडूनच ठेवावा. ही सोय घरगुती वापरासाठी असून सरकारी आणि औद्योगिक मानकांना ती उतरत नाही, असे मायक्रोसॉफ्टनेच लिहून ठेवले आहे. भाच्याच्या मित्रासाठी मात्र ती पुरेशी आहे.

रीसेट झाल्यावर 'विंडोज डॉट ओल्ड' नावाचा फोल्डर उरलेला नाही ना, हेही पाहावे, असे मी पूर्वी सांगत असे. २०२२ च्या सुरुवातीला विंडोज १० आणि ११ च्या काही आवृत्त्यांत रीसेटनंतरही वनड्राइव्हच्या फाईली त्या फोल्डरमध्ये मागे राहत होत्या. नंतर मायक्रोसॉफ्टने ती चूक दुरुस्त केली, त्यामुळे आधी सर्व अपडेट घ्यावेत आणि मगच रीसेट करावे.

शंकेखोर

एकदा शून्ये लिहून पुरते हे मला पटत नाही. अमेरिकेच्या संरक्षण खात्याची पद्धत तीन वेळा लिहिण्याची आहे आणि गटमन पद्धत तर पस्तीस वेळा लिहिते. एवढ्या मोठ्या लोकांनी हे उगाच ठरवले असेल काय?

खटपट्या

उगाच ठरवले नव्हते, पण ते त्या वेळच्या डिस्कसाठी होते. पीटर गटमन यांचा निबंध १९९६ चा आहे. तेव्हा डिस्कवर मजकूर लिहिण्याच्या अनेक निरनिराळ्या पद्धती प्रचारात होत्या आणि त्या सगळ्यांना पुरून उरावे म्हणून पस्तीस फेऱ्यांचा तो संच मांडला होता. कोणत्याही एका डिस्कला पस्तीसच्या पस्तीस फेऱ्यांची गरज त्या वेळीही नव्हती, हे त्यांनीच पुढे निबंधाला जोडलेल्या पुरवणीत स्पष्ट केले आणि लोक त्याकडे मंत्रतंत्रासारखे पाहतात म्हणून नापसंतीही व्यक्त केली. अमेरिकेच्या मानक संस्थेची, म्हणजे निस्टची, ८००-८८ क्रमांकाची मार्गदर्शिका २००६ मध्ये आली आणि २०१४ मध्ये सुधारली गेली. चुंबकीय डिस्कवर एकदा लिहिणे सर्वसाधारणपणे पुरेसे आहे, असेच २०१४ च्या त्या आवृत्तीत म्हटले आहे. मुळाक्षर यांनी दिलेल्या वेगाने एक टीबीच्या डिस्कवर पस्तीस फेऱ्या करायला चार दिवस लागतील, आणि एसएसडीवर हा उद्योग केला तर तिचे आयुष्य तेवढे कमी होईल.

एकच अपवाद लक्षात ठेवावा. खराब झालेले सेक्टर, म्हणजे साठवणीचे छोटे कप्पे, हार्डडिस्क बाजूला टाकते आणि त्यांच्या जागी राखीव सेक्टर वापरते. त्या बाजूला टाकलेल्या सेक्टरपर्यंत आपले शून्य लिहिणे पोहोचत नाही. घरगुती माणसाने याची काळजी करू नये. ज्यांना करायचीच आहे त्यांनी हार्डडिस्कलाही तिची अंगभूत 'एनहान्स्ड सिक्युअर इरेज' आज्ञा द्यावी.

मुळाक्षर यांच्या एका विधानाला मात्र पुस्ती जोडावीशी वाटते. एसएसडीने आज्ञा पाळली असे सांगितले म्हणजे ती पाळली असेलच असे नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सान डिएगो येथील संशोधकांनी २०११ मध्ये अनेक एसएसडींवर या आज्ञा तपासल्या, तेव्हा काही उत्पादकांनी त्या नीट राबवलेल्या नव्हत्या, आणि एका डिस्कने तर 'काम झाले' असे कळवूनही सगळा मजकूर जागच्या जागी होता. गेल्या काही वर्षांत परिस्थिती सुधारली आहे, तरी मी आधी पूर्ण एन्क्रिप्शन आणि मग डिस्कची अंगभूत आज्ञा असा दुहेरी मार्ग पसंत करतो. पहिल्या उपायात कसर राहिली तर दुसरा ती भरून काढतो.

जमाखर्च

मी सनदी लेखापाल आहे आणि आमच्या कार्यालयातले चार लॅपटॉप बदलायचे आहेत. त्यांत केवळ माझी नव्हे, शेकडो अशिलांची माहिती आहे, म्हणजे टॅलीचा डेटा, विवरणपत्रे, जीएसटीचे पासवर्ड लिहिलेल्या एक्सेल फाईली आणि काही जुन्या पीएफएक्स प्रकारच्या डिजिटल सह्यासुद्धा. आमच्या व्यवसायातील बांधवांसाठी दोन गोष्टी नोंदवतो.

पहिली कायद्याची. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यातून व्यक्तीने घरगुती कारणासाठी केलेला माहितीचा वापर वगळलेला आहे, पण व्यवसायासाठी केलेला वापर वगळलेला नाही. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून बहुतेक जबाबदाऱ्या टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. वाजवी सुरक्षा न ठेवल्याबद्दल कायद्यात २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. लहान कार्यालयाला एवढा दंड होईल असे नव्हे, पण 'जुना लॅपटॉप भंगारात दिला, पुढे काय झाले माहीत नाही' हे उत्तर यापुढे चालणार नाही.

दुसरी गोष्ट उलट दिशेची आहे. लेखापरीक्षणाची कागदपत्रे सर्वसाधारणपणे किमान सात वर्षे जपून ठेवावी लागतात, त्यामुळे पुसण्याच्या उत्साहात जे ठेवायला हवे तेच जाऊ नये. आम्ही आधी सर्व माहिती एन्क्रिप्ट केलेल्या बाह्य डिस्कवर घेतो, दुसऱ्या संगणकावर टॅलीची कंपनी प्रत्यक्ष उघडून पाहतो आणि मगच जुन्या यंत्राला हात लावतो. नुसती फाईलची प्रत झाली म्हणजे बॅकअप झाला असे नाही.

माझा प्रश्न असा आहे की आमच्या यंत्रांवर विंडोज ११ प्रो आहे पण बिटलॉकर, म्हणजे विंडोजची डिस्क एन्क्रिप्ट करण्याची सोय, कधी चालू केलेला नाही. आता शेवटच्या घडीला तो चालू करून उपयोग आहे का?

खटपट्या

उपयोग आहे, मात्र चालू करताना विंडोज एक प्रश्न विचारते आणि त्याच्या उत्तरावर सगळे अवलंबून आहे. 'फक्त वापरलेली जागा' एन्क्रिप्ट करायची की 'संपूर्ण ड्राइव्ह', असा तो प्रश्न आहे. नव्या कोऱ्या यंत्रावर पहिला पर्याय योग्य असतो, कारण त्यानंतर जे लिहिले जाईल ते एन्क्रिप्ट होऊनच लिहिले जाईल. वर्षानुवर्षे वापरलेल्या यंत्रावर मात्र मोकळ्या दिसणाऱ्या जागेतच पूर्वी डिलीट केलेल्या फाईलींचे अवशेष असतात, आणि पहिला पर्याय त्यांना स्पर्शही करत नाही. म्हणून तुम्ही 'संपूर्ण ड्राइव्ह' निवडावे. तरीही एसएसडीने स्वतःकडे राखलेल्या जागेत जुन्या साध्या मजकुराचे तुकडे राहू शकतात, त्यामुळे नंतर बायोसमधून सिक्युअर इरेज करावेच. तुमच्याकडे परक्यांची माहिती आहे, तेव्हा येथे कंटाळा करू नये.

होम आवृत्तीवाल्यांसाठी एक बारकावा सांगतो. त्यांना पूर्ण बिटलॉकर मिळत नाही, पण बऱ्याच नव्या लॅपटॉपमध्ये 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' असते. मायक्रोसॉफ्टच्या खात्याने लॉगइन केल्यावर ते पूर्णपणे लागू होते आणि त्याची पुनर्प्राप्तीची किल्ली त्या खात्यात जमा होते. नुसते स्थानिक खाते वापरणाऱ्यांच्या यंत्रात डिस्क एन्क्रिप्ट झालेली असूनही किल्ली उघडीच पडलेली असू शकते, आणि कंट्रोल पॅनेलमध्ये 'सक्रिय होण्याच्या प्रतीक्षेत' अशा अर्थाचा शेरा दिसतो. असा शेरा दिसला तर डिस्क सुरक्षित आहे असे मानू नये.

शंकेखोर

बऱ्याच एसएसडींत एन्क्रिप्शन आतच असते असे जाहिरातीत लिहिलेले असते. मग बिटलॉकरचा वेगळा खटाटोप कशाला?

खटपट्या

तुमची शंका या वेळी अगदी नेमक्या जागी आहे. नेदरलँड्समधील रॅडबाउड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये दाखवून दिले की क्रुशियल आणि सॅमसंगच्या काही एसएसडींतले हे अंगभूत एन्क्रिप्शन पासवर्ड नसतानाही उलगडता येत होते. त्या वेळी बिटलॉकर अशा डिस्कवर विश्वास ठेवून स्वतः काहीच करत नसे. त्यानंतर २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने धोरण बदलले आणि बिटलॉकर आता मुळातच सॉफ्टवेअरने एन्क्रिप्ट करतो. म्हणून हा खटाटोप करायचा.

दुरुस्तीवाला

मी लॅपटॉप दुरुस्तीच्या धंद्यात आहे, म्हणून गिऱ्हाइकाच्या बाजूने न दिसणारे थोडे लिहितो.

विक्रीला येणाऱ्या यंत्रांपैकी पुष्कळशी दुरुस्त होत नाहीत, सुटी होतात. स्क्रीन एकीकडे जाते, बॅटरी दुसरीकडे आणि डिस्क तिसरीकडे. लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत सुटी डिस्क विकत घेणाऱ्याला ती कोणाच्या यंत्रातून आली हे माहीत नसते आणि विकणाऱ्यालाही नसते. त्यामुळे 'मी ओळखीच्या माणसाला विकतो आहे' हा दिलासा पहिल्या व्यवहारापुरताच असतो. ओळखीचा माणूसही पुढे कधीतरी ते यंत्र विकणारच आहे.

माझा सल्ला असा की साटा जोडणीची जुनी हार्डडिस्क असेल तर ती काढूनच घ्यावी. मागचे झाकण उघडून चार स्क्रू काढले की ती बाहेर येते, यूएसबीच्या डबीत घातली की बॅकअपसाठी वापरता येते आणि यंत्राचा भाव त्यामानाने थोडाच उतरतो. नव्या पातळ लॅपटॉपमध्ये मात्र साठवण बोर्डावरच डाखलेली असते, तेथे हा मार्ग नाही. स्वस्त लॅपटॉपमधली ईएमएमसी याच प्रकारातली.

बंद पडलेल्या लॅपटॉपबद्दल लोक फारच बेफिकीर असतात. यंत्र सुरू होत नाही याचा अर्थ बोर्ड गेला आहे, डिस्क गेली असेलच असे नाही. ती दुसऱ्या यंत्राला लावली की सगळे फोटो समोर येतात. असे यंत्र भंगारात देण्यापूर्वी डिस्क काढावी, चालत असेल तर पुसावी आणि चालत नसेल तर फोडावी. अडीच इंची हार्डडिस्कच्या तबकड्या पुष्कळदा काचेच्या असतात आणि हातोड्याच्या घावाने त्यांचे तुकडे उडतात, म्हणून जाड कापडात गुंडाळून आणि डोळ्यांवर चष्मा लावून हे काम करावे. एसएसडीला एक भोक पाडून भागत नाही. तिच्यावरची प्रत्येक काळी चिप फुटली पाहिजे. उरलेले यंत्र घंटागाडीत न टाकता नोंदणीकृत ई-कचरा संकलकाकडे द्यावे.

आणखी एक गोष्ट अशी की लॅपटॉपच्या फटीतले मेमरी कार्ड आणि ड्राइव्हमधली डीव्हीडी काढून घ्यावी. ही सूचना बालिश वाटेल, पण माझ्याकडे लग्नाच्या डीव्हीड्यांचा छोटा ढीग जमला आहे.

सफरचंद

मॅकबुकवाल्यांचे कोणी लिहिलेले दिसत नाही, म्हणून लिहितो. टी२ ही अॅपलची सुरक्षा चिप असलेल्या साधारण २०१८ नंतरच्या आणि अॅपलच्या स्वतःच्या प्रोसेसरच्या सर्व मॅकमध्ये डिस्क सुरुवातीपासूनच एन्क्रिप्ट असते. मॅकओएस मॉन्टेरे किंवा त्यापुढची आवृत्ती असेल तर 'इरेज ऑल कंटेंट अँड सेटिंग्ज' हा पर्याय वापरावा. तो किल्लीच नष्ट करतो, त्यामुळे काम काही मिनिटांत होते. त्याआधीच्या इंटेल मॅकवर फाइलव्हॉल्ट (मॅकमधले डिस्कचे एन्क्रिप्शन) चालू करून ते पूर्ण होऊ द्यावे आणि मग रिकव्हरीत जाऊन डिस्क युटिलिटीने पुसावे. मात्र सर्वांनी 'फाइंड माय' बंद झाले आहे आणि आयक्लाउडमधून आपण बाहेर पडलो आहोत हे तपासावे, नाहीतर ॲक्टिव्हेशन लॉकमुळे, म्हणजे आपल्या खात्याला बांधलेल्या कुलपामुळे, घेणाऱ्याच्या हातात नुसता ॲल्युमिनियमचा पाट राहतो आणि तो रात्री-अपरात्री फोन करत बसतो.

अबोली

सर्वांचे आभार. आता दोनच शंका उरल्या आहेत. रीसेट करण्यापूर्वी ब्राउझर, व्हॉट्सॲप वगैरेंतून वेगळे लॉगआउट करावे लागेल का? आणि घेणाऱ्या मुलाला लॅपटॉप चालू स्थितीत दाखवायचा आहे, तर रीसेटनंतर मी माझ्या खात्याने एकदा सुरू करून ठेवू का?

मुळाक्षर

पहिल्या शंकेचे उत्तर होय असे आहे, आणि ते काम जुन्या यंत्रावरून करण्यापेक्षा फोनवरून करणे अधिक खात्रीचे आहे. व्हॉट्सॲपच्या 'लिंक्ड डिव्हायसेस'मधून तो लॅपटॉप काढावा, गुगल खात्याच्या उपकरणांच्या यादीतून त्याला बाहेर काढावे आणि मायक्रोसॉफ्ट खात्याच्या संकेतस्थळावर 'डिव्हायसेस'मधून त्याचे नाव वगळावे. वगळण्याचे हे शेवटचे काम रीसेट पूर्ण झाल्यावरच करावे, कारण मध्येच काही अडले आणि यंत्राने बिटलॉकरची किल्ली मागितली तर ती त्याच खात्यात पाहावी लागेल.

दुसऱ्या शंकेचे उत्तर नाही असे आहे. रीसेटनंतर देश निवडायला सांगणारा पडदा आला की तेथेच पॉवरचे बटण दाबून धरून यंत्र बंद करावे. तुमच्या खात्याने पुन्हा सुरू केले तर वनड्राइव्हमधल्या फाईली आणि एजचे पासवर्ड परत खाली उतरू लागतील, यंत्र पुन्हा तुमच्या नावावर नोंदले जाईल आणि सगळी खटपट पहिल्यापासून करावी लागेल. परवान्याचीही चिंता नको. विंडोजचा डिजिटल परवाना मदरबोर्डाशी बांधलेला असतो, त्यामुळे मुलाने स्वतःचे खाते घातले तरी तो आपोआप लागू होतो. त्याला यंत्र पाहायचे असेल तर तुमच्यासमोरच त्याने देश, भाषा आणि वायफाय निवडून पुढचे सुरू करावे. स्क्रीन, कळफलक, कॅमेरा आणि चार्जिंग एवढे सगळे त्या वेळात तपासून होते. सोबत मूळ बिलाची प्रत द्यावी आणि एका कागदावर यंत्राचा सीरियल क्रमांक व विक्रीची तारीख लिहून दोघांनी सही करावी, म्हणजे त्या तारखेनंतर यंत्राचे काय झाले याचा जाब तुम्हाला कोणी विचारणार नाही.